सुटलेला हरिपाठ पुन्हा हाती घेताना

माळकरी घरात वाढलेली, लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून टाळ वाजवलेली कितीतरी माणसं आज भजनापासून लांब आहेत. त्यांच्याशी बोलत बसलं की एक वाक्य हटकून येतं: "आता मन लागत नाही हो. लागलं की करीन सुरू." नोकरीसाठी चाकण-हिंजवडीला आलेला पोरगा हेच म्हणतो आणि निवृत्त होऊन गावी परतलेले गुरुजीही हेच म्हणतात. त्या बोलण्यात खरं दुःख असतं. पण त्यातला क्रम उलटा आहे, आणि त्यापायीच माणसं वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर थांबून राहतात.

हा लेख वारकरी वाटेवरून बाजूला गेलेल्यांसाठी आहे. हरिपाठ, एकादशी, माळ आणि वारी या चार गोष्टी धरून मी बोलणार आहे. देवाकडे परतायच्या वाटा पुष्कळ आहेत, पण ही वाट पायाखालची आहे.

तुकोबांनी सांगितलेला क्रम

'याति शूद्र वैश केला वेवसाव' हा तुकाराम महाराजांचा अभंग आत्मचरित्राचा अभंग म्हणून सगळ्यांना माहीत आहे. संतांनी विचारलं म्हणून, बोलू नये तरी बोलतो, असं म्हणत त्यांनी तो सांगितला. त्यांच्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी होती, देहूचं देऊळ घरचं होतं. म्हणजे भक्ती त्यांना नवी नव्हती. पण आईवडील गेले. १६३०च्या दुष्काळात पैसा आटला, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. धंद्यात खोट आली. जिवाला लाज वाटू लागली.

आणि त्यानंतर काय केलं, ते महाराज एकेक करून सांगतात. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं. संतांची काही वचनं विश्वासाने पाठ केली. पुढे उभं राहून जे गात होते त्यांच्यामागे धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. शरीर कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. या सगळ्याच्या मधोमध ही ओळ येते:

आरंभीं कीर्तन करीं एकादशी ।
नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥

ज्यांच्या अभंगांवर गावोगावी कीर्तनं उभी राहतात, त्यांचं स्वतःचं चित्त सुरुवातीला अभ्यासात नव्हतं, आणि तरी ते उभे राहिले. हात कामाला लागले, तोंडाने शब्द घेतले, पाय देवळात गेले, आणि मन मागाहून आलं. 'मन लागलं की करीन' म्हणणाऱ्याने ही ओळ कागदावर लिहून देवघरात चिकटवावी, असं मला मनापासून वाटतं. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

कशामुळे सुटलं ते आधी बघा

एक संध्याकाळ शांत बसा आणि स्वतःला विचारा, नेमकं कधी आणि कशाने सुटलं. सगळ्यांचं सुटणं सारखं नसतं, म्हणून परतीचं पहिलं पाऊलही वेगवेगळं पडतं.

बहुतेकांचं नुसतं निसटलेलं असतं. बदली झाली, रात्रपाळी लागली, भाड्याच्या खोलीत देवघर मांडलंच गेलं नाही. २०२०मध्ये साथीमुळे माउलींची आणि तुकोबांची पालखी एसटीने पंढरीला न्यावी लागली आणि २०२१मध्येही पायी वारी झाली नाही. त्या दोन वर्षांत गावोगावची मंडळं थांबली. काही पुन्हा उभी राहिली, काही राहिलीच नाहीत. अशा माणसाला देवाशी भांडण नाही, त्याची घडी मोडली आहे. त्याने फार विचार न करता खाली दिलेल्या हरिपाठापासून लागावं.

काहींचं एखाद्या बुवामुळे सुटतं. ज्याच्या तोंडून वैराग्य ऐकलं त्याचाच व्यवहार उघडा पडला, किंवा सप्ताहाच्या हिशेबावरून गावात दोन तट पडले. असा घाव खोल जातो. त्यावर मी एवढंच सांगेन की फड, म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतली वारकरी मंडळी, बदलता येतो, मंडळ बदलता येतं, दुसऱ्या गावच्या देवळात जाऊन बसता येतं. एका माणसाच्या वागण्याची शिक्षा आपल्या नामाला देऊ नका.

काहींचं दुःखाने सुटतं, काहींचं लाजेने. या दोघांसाठी पुढे सवडीने लिहिलं आहे, कारण तिथेच माणसं जास्त अडकतात.

एक अभंग, रोज, मोठ्याने

ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग २७. पुष्कळ पोथ्यांत २८वा अभंग असतो, तो फलश्रुतीचा. टाळावर चालीत म्हटला तर सगळा हरिपाठ साधारण अर्ध्या तासात होतो. परत येणारा माणूस उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पूर्ण हरिपाठ धरतो, चार-आठ दिवस रेटतो, एक दिवस चुकतो आणि मग पोथीकडे बघायचं टाळतो. हे फार वेळा पाहिलं आहे. म्हणून सुरुवात एका अभंगाने करा.

पहिला अभंग 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी'. तो क्षणभर उभं राहण्याबद्दलच बोलतो. दिवेलागणीला हातपाय धुवा, दिवा लावा, आणि उभे राहून हा एक अभंग मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणा हे मी मुद्दाम सांगतो आहे. नुसते डोळे फिरवून वाचलं तर मन कधी खिडकीबाहेर गेलं ते कळत नाही. आवाज काढला की निदान कान तरी जागेवर राहतात. चाल आठवत नसेल तर साधं वाचल्यासारखं म्हणा. प्रत्येक चरणानंतर 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी' हे धृपद घ्या. ते बहुतेकांच्या तोंडात अजून असतंच, आणि त्याच्यामागून चालही सापडते. टाळ नसेल तर टाळ्या वाजवा. शेवटी 'जय जय राम कृष्ण हरी' थोडा वेळ म्हणा आणि देवाला हात जोडून आपल्या कामाला लागा.

आठ-पंधरा दिवसांनी, आणखी एक म्हणावासा वाटला, तर दुसरा जोडा. वाटला नाही तर एकावरच थांबा. महिनाभर एकच अभंग म्हटला म्हणून काही बिघडत नाही. तो पाठ झालेला असेल, आणि पाठ झालेलं माणसाला बसमध्ये, शेतात, दवाखान्याच्या बाकावर सोबत करतं.

रात्रपाळीवाल्यांनी दिवेलागणीचा हट्ट धरू नये. कामावर निघण्याआधी चपला घालायच्या अगोदरची पाच मिनिटं ही त्यांची वेळ. मुंबईच्या लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं भजनं होत आली आहेत. डब्यात जागा होते, तशी वेळातही होते. परदेशात राहणाऱ्यांना तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळ सोयीची पडत असेल, तर सकाळी म्हणा. वेळ कुठलीही धरा, पण ती ठरलेली असावी. 'जमेल तेव्हा' म्हटलं की ते जमत नाही.

घरात मुलं असतील तर त्यांना बळेच उभं करू नका. दिवा लावताना आणि अभंग म्हणताना ती तुम्हाला बघतील, तेवढं पुरे.

या पहिल्या महिन्यात काही विशेष वाटणार नाही. कोरडं वाटेल. एखादे दिवशी आपण उगाच नाटक करतो आहोत असंही वाटेल. तसं वाटलं की वरची तुकोबांची ओळ पुन्हा वाचा आणि त्या दिवसाचा अभंग तरीही म्हणा.

एकादशीची पकड

रोजच्या नेमाला आधार लागतो, आणि तो आपल्या पंचांगातच आहे. वर्षाला २४ एकादश्या, अधिक महिना आला तर २६. दर पंधरवड्याला एकदा थांबून आपण कुठे आहोत ते बघायची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. कधी कधी कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ दिसतात. वारकरी भागवत एकादशी धरतात.

परत येताना पहिली एकादशी कडक करू नका. साबुदाणा, वरी, रताळं, राजगिरा, जे घरात चालत आलं आहे ते खा. एक वेळ फराळ आणि एक वेळ दूध-फळं, एवढंही चालेल. मधुमेह असेल, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात बाळ असेल, तर उपास कसा करायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते, आणि औषध घेऊन उपाशी राहिलं तर ती एकदम खालीही येते. अशांनी रोजचं जेवण घ्यावं आणि संध्याकाळ देवाला द्यावी. विठ्ठलाला तुमचं चक्कर येऊन पडणं नको आहे.

मला स्वतःला एकादशीतला उपासापेक्षा जागर मोलाचा वाटतो. दिवसभर भगर खाऊन रात्री नेहमीसारखा टीव्ही लावला तर एकादशी आली आणि गेली. त्या संध्याकाळी कुठे तरी भजन-कीर्तन असतंच. तिथे जाऊन बसा. गावात नसेल तर शेजारच्या गावी जा. दुसऱ्या दिवशी द्वादशीला, बारस सोडताना, एका माणसाला आपल्या पंगतीला बोलवा. एकटा राहणारा शेजारी असेल, कामावरचा परगावचा मुलगा असेल. ही गोष्ट लहान दिसते, पण पारण्याची पंगत धरली की एकादशी टिकते, कारण आता तिची वाट बघणारा आणखी एक जण असतो.

मंडळीत परत जाणं

घरात एकट्याने हरिपाठ म्हणणं सोपं, देवळाची पायरी चढणं अवघड. तिथे ओळखीची माणसं असतात. "अरे, कुठं होतास इतके दिवस?" हा प्रश्न येणार, त्याची धास्ती असते. त्या धास्तीपायी लोक देवळाजवळच्या रस्त्यानं जायचं सोडतात.

म्हणून पहिल्या दिवशी काय करायचं ते बारकाईने सांगतो. हरिपाठ सुरू व्हायच्या थोडं आधी जा. त्या वेळी पखवाजवाला धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, ओली कणीक थापत असतो, मधेच थाप मारून आवाज बघतो, पुन्हा चिमूटभर कणीक काढतो किंवा लावतो. कुणी खुंटीवरचे टाळ उतरवत असतं, कुणी सतरंजी झटकत असतं. सगळे कामात असतात, तुमच्याकडे बघत बसायला कुणाला सवड नसते. तुम्हीही सतरंजीचं एक टोक धरा. देवाला नमस्कार करा, बुक्का लावून घ्या, आणि मागच्या ओळीत उभे राहा. टाळाची दोरी बोटांभोवती गुंडाळताना सुरुवातीला सैल बसते आणि दोन-तीन अभंगांनी बोट दुखायला लागतं. तेवढं दुखू द्या. पावली चुकली तर शेजाऱ्याच्या पायांकडे बघा. पुढे जे म्हणतात त्यांच्यामागे फक्त धृपद धरा. तुकोबांनीही हेच केलं होतं. पुढे उभं राहून चाल लावायची, बोलायची, मतं मांडायची घाई करू नका, पूर्वी तुम्ही त्या मंडळाचे चालक असलात तरीसुद्धा.

हरिपाठ संपला की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, पैसा काही बघत नाहीत. इथे परत आलेल्या माणसाची परीक्षा होते. सत्तरीचे बाबा, ज्यांना तुम्ही लहानपणापासून बघत आला, ते वाकून तुमच्या पायांना हात लावतात आणि 'माउली' म्हणतात. तुम्हाला मागे सरकावंसं वाटेल. सरकू नका. त्यांच्याही पाया पडा. इतके दिवस न आलेल्याच्या पायांनाही ते हात लावतात, कारण त्या वेळी ते तुमच्या खंडाचा हिशेब करत नसतात. देवळात न आलेल्या दिवसांची जी लाज घरी बसून मनात वाढत गेलेली असते, ती या एका वाकण्याने जेवढी उतरते तेवढी कुणाच्या समजावण्याने उतरत नाही.

आणि 'कुठं होतास' विचारलंच तर? "खंड पडला होता, आता येतोय," एवढंच उत्तर द्या. कारणं सांगत बसू नका, शपथाही घेऊ नका.

गावात अखंड हरिनाम सप्ताह असेल तर परत येण्याची ती सगळ्यात चांगली वेळ. सात दिवस पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, म्हणून पहाऱ्याला माणसं कायम कमी पडतात. रात्री दोन ते चारचा पहारा मागून घ्या. त्या वेळी मंडपात चारदोन माणसं असतात, कुणी कीर्तनकार नसतो, माईक बंद असतो. वीणा गळ्यात आणि तोंडात नाम, दोन तास. ते नको असेल तर पंगतीत वाढा, भांडी घासा, मंडप झाडा. शरीर कष्टवायचं म्हणजे असलंच काही.

शहरात मंडळ शोधावं लागतं. पुण्यात भवानी पेठेत पालखी विठोबाचं आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे, मुंबईत वडाळ्याचं विठ्ठल मंदिर आहे, गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूर आहे. तिथे जाऊन बसलात की आपल्या भागात कुठे हरिपाठ होतो हे सांगणारा कुणी ना कुणी भेटतो. बायकांची हरिपाठ मंडळं तर आता सोसायट्यांमधूनही चालतात.

ज्यांचं देवाशी भांडण आहे

ज्या घरातून तरणा मुलगा गेला, त्या घरातल्या आईला 'एक अभंग म्हणा' असं सरळ सांगायची माझी हिंमत होत नाही. तिने विठ्ठलाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला असेल तर तो तसाच राहू द्यावा. तिला समजवायला जाणाऱ्यांनी 'देवाची मर्जी' हा शब्द तोंडातून काढू नये.

पण तिला मी एवढं नक्की सांगेन की रागावलेल्या माणसाला या वाटेवर जागा आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला उघड शिव्या घातल्या आहेत. 'माझे लेखीं देव मेला' असं तुकोबा म्हणून गेले आहेत. ते शब्द कुणी गाळून टाकले नाहीत, ते गायले जातात.

माउलींच्या पालखीच्या मुक्कामावर रात्री समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि लाखोंचा समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचं तिथेच पुकारतात, आणि मग आरती. तक्रार असणाऱ्याने टाळ खाली ठेवायचा नसतो, वाजवत राहायचं असतं, ही तिथली रीत आहे. देवावर राग असलेल्यांसाठी याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. पाठ फिरवून गप्प बसण्यापेक्षा त्याच्या समोर उभं राहून, त्यालाच, मोठ्याने, जे वाटतं ते सांगा. दार बंद करून सांगा. शब्द सुचत नसतील तर वहीत लिहा आणि वही देवापुढे ठेवा. रडू आलं तर येऊ द्या. त्या दिवशी हरिपाठ नाही झाला तरी चालेल.

दुःख असं असेल की झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको वाटतं, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. घरच्यांनी सोबत न्यावं. औषध घेतल्याने भक्ती कमी ठरत नाही.

माळ काढून ठेवली असेल तर

माळ काढून खुंटीला टांगली, आणि मग मांस-मच्छी किंवा दारू सुरू झाली. किंवा आधी ते सुरू झालं आणि मग माळ काढावी लागली. अशा माणसाच्या मनात ती खुंटी कायम राहते. इथे जाणत्यांची दोन मतं आहेत. काही म्हणतात, माळ आधी घाला, ती माणसाला सांभाळते. काही म्हणतात, आधी सवय सोडा मग माळ घ्या. मी दुसऱ्या मताचा आहे. आषाढीच्या भरात शंभर जणांबरोबर माळ घालायची आणि श्रावण संपताच काढायची, याने माणूस पहिल्यापेक्षा जास्त खचतो.

म्हणून असं करा. माळेशिवाय हरिपाठ धरा. माळेशिवाय एकादश्या करा. मांस-मच्छी आणि दारू माळ नसतानाच सोडून बघा. दारूचं व्यसन जडलं असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका, व्यसनमुक्ती केंद्राची मदत घ्या, आणि ती घेताना नाम चालू ठेवा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर शरीराला धोका असतो, तेव्हा डॉक्टर हवेतच. असे काही महिने गेले, एखादं लग्न आणि एखादी यात्रा पार पडली आणि तुम्ही टिकलात, की मग ज्यांच्याविषयी आदर आहे अशा महाराजांकडे किंवा जुन्या माळकऱ्याकडे जा. पूर्वी माळ काढली होती हे स्पष्ट सांगा. ते रागावणार नाहीत, त्यांनी असे पुष्कळ पाहिलेले असतात. १०८ मण्यांची तुळशीची माळ देवाच्या पायांवर किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून ती तुमच्या गळ्यात घातली जाईल. मांसाहार नाही, दारू नाही, परस्त्री मातेसमान, रोज हरिपाठ, एकादशी, वर्षातून एक तरी वारी, हे नेम तुम्हाला सांगितले जातील. त्यातलं जे आधीच चालू असेल ते ऐकताना भीती वाटत नाही.

जुनी माळ दोरा कुजून तुटली असेल तर मणी टाकू नका. ते नव्या दोऱ्यात ओवून घेता येतात.

माणसांचं देणं

तुकोबांच्या वाट्याला सावकारीची खतपत्रं आली होती. त्यांनी धाकट्या भावाची, कान्होबांची, अर्धी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. आपण एवढं मोठं करू शकणार नाही. पण परत येणाऱ्याच्या मागे बहुधा काहीतरी राहिलेलं असतं: भावाशी बांधावरून बंद झालेलं बोलणं, मित्राचे न दिलेले पैसे, बायकोला दारूत बोललेले शब्द. त्यातली एक गोष्ट निवडा, सगळ्यात सोपी. पैसे असतील तर जाऊन द्या, थोडे थोडे दिले तरी चालतील. बोलणं बंद असेल तर सणाला घरी जा. समोरचा दार उघडेलच असं नाही. तुमचं जाणं मात्र झालेलं असेल, आणि हरिपाठाला उभं राहताना त्याचा फरक जाणवतो.

वारीला एक दिवस

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, माउलींची अष्टमीला आळंदीहून. आषाढ शुद्ध दशमीला दोन्ही पंढरपुरात पोहोचतात. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची चाल. खंडानंतर पहिल्याच वर्षी पूर्ण वारीचा निश्चय करू नका. एक दिवस चाला. आळंदी ते पुणे हा टप्पा सोपा, वाट सपाट, थकलात तर घरी परतायला गाडी मिळते. पुणे ते सासवड लांब आहे आणि दिवे घाट चढायचा आहे. तरुण आणि सवयीच्या लोकांनीच तो आधी घ्यावा. आदल्या महिन्यात रोज तासभर चालून पाय तयार करा, वापरातल्याच चपला-बूट घाला, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि नेहमीची औषधं जवळ ठेवा. रस्त्याने सुटं चालण्यापेक्षा एखाद्या दिंडीच्या मागे चाला. टाळ ऐकू येत राहिला की पाय आपोआप त्या ठेक्यात पडतात. पुढच्या वर्षी तीन दिवस, आणि मग कधी तरी दिंडीत नाव नोंदवून, भिशी (दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी) भरून, अख्खी वारी.

पंढरपूरला मात्र एकदा गर्दी नसताना जा, साध्या मंगळवार-बुधवारी. आषाढीच्या दर्शनबारीत तासन् तास जातात आणि पायांवर डोकं ठेवायला क्षण मिळतो. साध्या दिवशीही रांग असते, पण श्वास घेता येतो. आधी चंद्रभागेवर जा. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. तिथे थोडं थांबा. ज्या चोखोबांना आत जाऊ दिलं नाही, त्यांची समाधी त्याच दारात आहे. त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावं लागलं. आपल्याला वाटत असतं की आपण आत जायच्या लायकीचे उरलो नाही. त्या दाराशी उभं राहून ते पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून बघा.

पुन्हा खंड पडला तर

पडेल. आजारपण येईल, लेकीचं लग्न निघेल, नुसता कंटाळाही येईल. चुकलेल्या दिवसांचे अभंग साठवून एकदम म्हणायला जाऊ नका. गेले ते दिवस गेले. ज्या संध्याकाळी आठवलं त्या संध्याकाळी दिवा लावून पुन्हा पहिल्या अभंगावर या. मंडळात एक माणूस असा धरून ठेवा की तुम्ही दोन आठवडे दिसला नाहीत तर तो घरी येऊन बेल वाजवेल. त्याला तसं आधीच सांगून ठेवा.

आणि तुमच्या घरातलं कुणी परत येत असेल, नवरा, सून, थोरला मुलगा, तर पहिल्या दिवशी कौतुकही करू नका आणि जुनं काही काढूही नका. हरिपाठाला उभे राहताना एक टाळ जास्तीचा काढून ठेवा.